तिसरा पुकारा

कोर्टाच्या वरच्या मजल्यावर दोन पुकारेवाले होते. एकाला सगळे भोंगा म्हणत, दुसऱ्याला पिपाणी. नावं कोणी पाडली ते कोणाला आठवत नव्हतं, पण दोघांचा आवाज एकदा ऐकला की विचारावं लागत नसे. भोंग्यानं वरून नाव पुकारलं की खाली सायकलस्टँडवर डुलक्या घेणारा माणूस खाडकन उभा राहायचा. नाव त्याचं नसलं तरी. पिपाणी पुकारायला लागला की दाराशी टेकलेली माणसंसुद्धा एकमेकांना विचारायची, "काय म्हणाला हो?"

ही गोष्ट भोंग्याची आहे.

पुकारेवाला म्हणजे तसा शिपाईच. आत न्यायाधीशांनी एखादं प्रकरण हातात घेतलं की त्यानं बाहेर यायचं आणि पक्षकारांची नावं पुकारायची. तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यानंतरही कोणी आलं नाही तर आत जाऊन सांगायचं, "गैरहजर." कारकून तसं लिहितो. दावा लावणाराच गैरहजर असला तर दावा तिथेच संपतो. माणसं वर्षानुवर्षं तारखा मोजतात आणि सगळं त्या तीन हाकांवर येऊन थांबतं.

भोंग्याला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. म्हणून त्यानं स्वतःची एक रीत बसवली होती. पहिला पुकारा दारात. दुसरा व्हरांड्यात. तिसरा जिन्याच्या तोंडाशी जाऊन, खालच्या आवाराकडे तोंड करून. आणि तिसऱ्याच्या आधी तो माठातलं पाणी प्यायचा. सावकाश. पिता पिता आवारावर नजर फिरवायचा. नळाच्या रांगेत कोण उभं आहे, झाडाखाली कोण जेवतंय, झेरॉक्सवाल्याशी कोण हुज्जत घालतंय.

आतून कारकून ओरडायचा, "भोंग्या, आटप की! साहेब खोळंबलेत."

"पाणी पितोय. घसा आहे हा, नळ नाही."

मग तिसरा पुकारा सुटायचा. धापा टाकत कोणीतरी जिना चढून यायचं. हातात चपला, तोंडात घास. भोंगा दार उघडून धरायचा आणि म्हणायचा, "सावकाश. अजून तुम्ही हजर आहात."

पिपाणीची गोष्ट वेगळी होती. तो कामाला चोख होता. पण त्याचा आवाज जिन्यापर्यंतही पोचत नसे. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले होते. पहिल्याच वर्षी एक म्हातारी झाडाखाली बसून राहिली आणि वर तिचा दावा निघून गेला. पिपाणीनं तीनदा पुकारलं होतं, तिला एकदाही ऐकू गेलं नव्हतं. संध्याकाळी ती वर आली. भांडली नाही, रडली नाही. नुसती दाराशी उभी राहिली. कोर्ट बंद करायची वेळ झाली तरी उभीच. दुसऱ्या दिवशी पिपाणीनं डबा उघडला नाही.

तेव्हा भोंगा म्हणाला, "उद्यापासून तुझा तिसरा मला देत जा."

"म्हणजे?"

"दोन तू कर. मग कोपऱ्यापर्यंत ये, मला नाव सांग. तिसरा मी ठोकतो."

"कोणी काही म्हटलं तर?"

"म्हटलं तर म्हणू दे. कानावर पडलं हे महत्त्वाचं. कोणाच्या नरड्यातून आलं ते कोण बघतंय!"

कोणी काही म्हटलं नाही. परवानगी कोणी दिली नव्हती, हरकतही कोणी घेतली नाही. दोन कोर्टांच्या मध्ये व्हरांडा एक वळण घ्यायचा. त्या कोपऱ्यावर पिपाणी यायचा, बोट वर करायचा, नाव सांगायचा आणि भोंगा ते आवारात भिरकावून द्यायचा. वकिलांनाही सवय झाली. खाली चहा घेताना ते म्हणायचे, "पिपाणीचे दोन झाले. घे घोट, आता भोंगा वाजेल."

अशी वर्षं गेली. पिपाणीच्या लग्नाची नोंदणी झाली तेव्हा साक्षीदार म्हणून भोंग्यानं सही केली. त्याच्या पोरीला भोंग्याच्या बायकोनं अंगाखांद्यावर खेळवलं. दोघांचे डबे एकाच स्टुलावर उघडायचे. पिपाणीच्या डब्यातलं भोंगा खायचा आणि वर नावं ठेवायचा.

भोंग्याच्या गल्लीत नगरपालिकेचा दवाखाना होता. दोन खोल्या, एक सिस्टर, आठवड्यातून दोनदा येणारा डॉक्टर. भोंग्याच्या बायकोला दम्याचा त्रास होता. छाती भरून आली की ती पदर खोचून चार घरं ओलांडायची, सिस्टर वाफेचं मशीन लावायची, अर्ध्या तासात ती परत येऊन पोळ्या लाटायची. मोठं इस्पितळ दोन बस बदलून होतं.

एके दिवशी दवाखान्याच्या दारावर कागद चिकटवलेला दिसला. रुग्ण कमी असल्यानं दवाखाना बंद करण्यात येत आहे, जागा भाड्यानं देण्यात येत आहे. भाड्यानं घेणारा फरश्यांचा व्यापारी होता. त्याला गोदाम हवं होतं. वॉर्डाच्या सभेत हा विषय कधी निघालाच नव्हता. सिस्टरनंही तो कागद सकाळी कुलूप उघडताना पहिल्यांदा वाचला. "रुग्ण कमी," ती म्हणाली, "आणि माझी कंबर कशानं मोडलीय?"

संध्याकाळी गल्ली भोंग्याच्या ओट्यावर जमली. शिंपीमामा सगळ्यांत वडील. ते म्हणाले, "नगरसेवकाकडे जाऊ. पाया पडू. दोन खोल्यांतली एक तरी सोडेल."

"पाया कशाला पडायचं?" भोंगा म्हणाला. "दवाखाना आपला आहे. सभेला न विचारता दिलाय. कोर्टात जाऊ."

"तुझं कोर्ट? तिथे माणसं म्हातारी होतात, बाबा."

"होतात. पण नाव पुकारल्याशिवाय कोणाला हाकलत नाहीत."

हे वाक्य गल्लीला पटलं, कारण ते म्हणणारा माणूस रोज तेच करत होता. सगळ्यांनी सह्या केल्या. वादी क्रमांक एक म्हणून भोंग्याचं नाव लागलं.

मोफत कायदा मदतीतून एक वकील मिळाली. तरुण मुलगी, स्कूटरवरून यायची. काळा कोट हातावर टाकून या कोर्टातून त्या कोर्टात पळायची. भोंगा तिला वकीलताई म्हणायचा. तिनं पहिल्याच फटक्याला स्थगिती मिळवली. दाव्याचा निकाल लागेपर्यंत दवाखान्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी सिस्टरनं दारावरचा कागद नखानं खरवडून काढला. शिंपीमामा भोंग्याला म्हणाले, "तुझ्या कोर्टाला थोडीफार लाज आहे म्हणायची."

दावा पिपाणीच्या कोर्टात होता. भोंग्याला त्याचं बरंच वाटलं होतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी त्यानं गल्लीला सांगितलं, "रोजी बुडवून कोणी येऊ नका. मी तिथेच आहे. माझ्या घशातून गेल्याशिवाय आपलं नाव पुढे सरकत नाही." वकीलताईचं त्याच सकाळी समोरच्या इमारतीत दुसरं प्रकरण होतं. ती म्हणाली, "काका, नंबर आला की फोन करा."

"फोन कशाला? हाक मारतो. समोरची इमारत हलेल."

ती हसत पळाली.

सकाळी पिपाणी सायकल लावताना भेटला. भोंगा म्हणाला, "आज आमचं आहे. दोन झाले की ये. आज मीच मला पुकारणार, गंमत बघ."

"हो रे. मला काय नवीन आहे?" पिपाणी म्हणाला. चहाला थांबला नाही.

त्या दिवशी भोंग्याच्या कोर्टात जमिनीचं एक जुनं प्रकरण निघालं. मूळ मालक कधीच गेलेला, मागे वारसांची ही रांग. मुलगे, मुली, सुना, नातवंडं. प्रत्येकाचं नाव पुकारायचं, प्रत्येकाचं तीनदा. भोंगा जिन्याच्या तोंडाशी उभा राहून एकेक नाव सोडत होता. अर्धे वारस एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून आवाराच्या चार कोपऱ्यांत विखुरले होते. एक सून वर आली आणि म्हणाली, "त्यांना आधी का पुकारलं?" भोंगा म्हणाला, "बाई, कागदावर आधी आहेत. मनात तुम्हीच आधी." अधूनमधून तो कोपऱ्याकडे बघत होता. कोपरा रिकामा होता. आज साहेब निवांत दिसतात, त्याला वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत तो पलीकडे गेला. पिपाणीचं स्टूल रिकामं होतं. आत कारकून कागद चळतीला लावत होता.

"आमचं अजून निघालं नाही वाटतं?"

"तुमचं? ते गेलं की. गैरहजेरीत."

भोंगा हसला. "अर्ध्या कोर्टाची मस्करी करून झाली, आता माझी का?"

"मस्करी कसली? पुकारलं, कोणी आलं नाही. हे बघा."

"तिसरा कोणी केला?"

"ज्याचं काम त्यानं. तिन्ही झालेत, इथे लिहिलंय."

"तो कुठाय?"

"अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेला. ताप आहे म्हणाला."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको होती. तिला धाप लागली होती, ती दम्याची की धावल्याची ते कळत नव्हतं. "अहो, इथे टेम्पो आलाय. सिस्टरची खुर्ची बाहेर काढली. कोर्टाचा कागद आहे म्हणतात. तुम्ही तर म्हणाला होतात हात लावता येणार नाही."

दावा गेला की स्थगितीही जाते. हे भोंग्याला ठाऊक होतं. पण हुकुमाची नक्कल मिळवायला माणसं इथे चपला झिजवतात. व्यापाऱ्याच्या माणसाकडे ती जेवणाच्या आधी पोचली होती. टेम्पो सकाळीच भरून आला होता.

भोंगा गल्लीत पोचला तेव्हा दवाखान्याच्या दारात फरश्यांची थप्पी लागली होती. सिस्टर वाफेचं मशीन पोटाशी धरून शिंप्याच्या पायरीवर बसली होती. नगरपालिकेचा माणूस तिला म्हणत होता, "मशीन यादीत आहे, द्यावं लागेल." तिनं ते दिलं.

शिंपीमामांनी एवढंच विचारलं, "तू होतास ना तिथे?"

"होतो."

"मग?"

तो तसाच मागच्या गल्लीत पिपाणीच्या घरी गेला. दार पिपाणीच्या बायकोनं उघडलं, अर्धंच. "झोपलेत, भावजी. अंगात कसकस आहे." आत कोणीतरी खोकलं. जागा माणूस खोकतो तसं. भोंगा परत फिरला.

वकीलताईचं तोंड उतरलं होतं. आधी ती स्वतःलाच बोलली. "मी दुसरं प्रकरण सोडायला हवं होतं." मग कागद पुढे ओढला. दावा परत बोर्डावर घ्या, असा अर्ज करता येतो. का गैरहजर राहिलो ते शपथेवर सांगावं लागतं.

"काय लिहू, काका?"

"लिहा, तिसरा पुकारा झालाच नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"त्या कोर्टातला तिसरा मीच करतो. किती वर्षं झाली."

तिनं पेन खाली ठेवलं. "दुसऱ्या कोर्टाचा शिपाई यांचा पुकारा करतो? हे लिहायचं?"

"खरं आहे ते."

"खरं आहे म्हणूनच विचारते. हे लिहिलं की त्या कोर्टात गैरहजेरीत गेलेला प्रत्येक दावा उघडा पडतो. सगळे तुमच्यावर उठतील."

"उठू दे. ऐकलेलं आहे सगळ्यांनी. अख्खं आवार साक्षीला येईल."

अख्खं आवार. त्यानं दुसऱ्या दिवसापासून विचारायला सुरुवात केली. ज्या वकिलांनी त्याच्या तिसऱ्यावर चहाचे घोट मोजले होते, त्यांना आता नेमकं काही आठवत नव्हतं. एकजण म्हणाला, "भोंग्या, आम्ही आपले कामात असतो. कोण ओरडतंय याकडे लक्ष कुठे असतं?" दुसऱ्यानं खांद्यावर हात ठेवला. "अरे, गैरहजेरीतले माझेच कितीतरी निकाल आहेत. ते उकरून काढू म्हणतोस?" झाडाखालच्या टायपिस्टनं मशीनवरून मान वर केली नाही. चहावाली तेवढी खरं बोलली. "मी ऐकलंय रे, रोज ऐकलंय. पण माझी टपरी कोर्टाच्या भिंतीला टेकलेली आहे. भिंत सरकली तर मी कुठे टेकू?"

नाझरसाहेबांनी त्याला खोलीत बोलावलं. कोणत्या शिपायाला कोणत्या दारावर उभं करायचं हे नाझर ठरवतो. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"तू भला माणूस आहेस," ते म्हणाले. "भल्या माणसानं शपथ जपून घ्यावी. समज, तू म्हणतोस तसं होत होतं. मग इतकी वर्षं नियम कोणी मोडला?"

"मी मोडला."

"आणि आता नियम मोडला गेला नाही, ही तुझी तक्रार आहे. हसतील रे लोक."

"हसू दे, साहेब. आमचा दवाखाना गेला."

नाझरसाहेब खरंच हसले. चहा आला तेव्हा भोंगा उठला होता.

अर्जाच्या दिवशी गल्लीतून शिंपीमामा आणि सिस्टर आले होते. भोंग्याची बायको आली नव्हती. तिला पहाटेच मोठ्या इस्पितळाची बस धरावी लागली होती. पिपाणीला साक्षीला उभं केलं. त्यानं शपथ घेतली. मागच्या बाकावर बसलेल्या भोंग्याला ती जेमतेम ऐकू आली.

वकीलताईनं विचारलं, "या कोर्टातले पुकारे कोण करतं?"

"मी."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"शेजारच्या कोर्टाचे शिपाई तुमच्यासाठी तिसरा पुकारा करायचे, हे खरं ना?"

"नाही."

"कधीच नाही? मधूनअधून?"

पिपाणीनं खालचा ओठ चावला. ही त्याची सवय भोंग्याला पाठ होती. आता हा खरं बोलणार, भोंग्याला वाटलं. तो बाकावर पुढे सरकला.

"एकदाही नाही," पिपाणी म्हणाला.

बाकांवरचे वकील आपापल्या कागदांत बघत राहिले. एकानं घसा साफ केला. भोंगा उठून उभा राहिला होता, ते त्याचं त्याला कळलं नव्हतं. दावा गेला तेव्हा त्याला राग आला होता. आता राग येत नव्हता. नळाच्या रांगेतून, झाडाखालून, सायकलस्टँडवरून त्यानं वर आणलेली ती सगळी माणसं कोणीतरी एका शब्दानं पुन्हा खाली ढकलून दिली होती. ती आलीच नव्हती. त्यानं त्यांना पुकारलंच नव्हतं.

न्यायाधीश वाईट माणूस नव्हते. त्यांनी भोंग्याला स्वतः विचारलं, "तुमच्या म्हणण्याला दुसरा कोणी दुजोरा देतो?"

"ऐकलंय सगळ्यांनी, साहेब. पण इथे यायला कोणी तयार नाही."

"मी आत बसतो," न्यायाधीश म्हणाले. "बाहेर काय झालं ते मला शिपायाच्या शब्दावरून कळतं. त्या शब्दावर विश्वास ठेवला नाही तर मला दर वेळी खुर्ची सोडून बाहेर यावं लागेल."

"यावं, साहेब. एकदा तरी यावं."

न्यायाधीशांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग लिहायला घेतलं. कोर्टाच्या नोंदीवर अविश्वास दाखवावा असं काही समोर आलेलं नाही. अर्ज नामंजूर.

जिना उतरताना शिंपीमामा थांबले. "अपील का काय ते कर हवं तर. माझी सही मागू नकोस," ते म्हणाले. "नगरसेवक निदान तोंडावर खोटं बोलला असता."

सिस्टर पुढे निघाली होती. तिची बदली झाली होती, तिला दुपारची बस गाठायची होती.

आठवड्याभरात भोंग्याच्या हातात आदेश पडला. त्याला तळघरातल्या रेकॉर्डरूमला लावलं होतं. तिथे पुकारायचं काही नव्हतं. जुन्या प्रकरणांचे गठ्ठे कापडात बांधायचे, मांडणीवर चढवायचे, मागितले की उतरवायचे. वर त्याच्या दारावर एक नवा शिपाई आला. त्याचा आवाज बरा होता, पण तो तिन्ही पुकारे दारातच उरकायचा.

एका दुपारी पिपाणी तळघरात आला. पायरीवरच उभा राहिला. भोंगा गाठ मारत होता, मारत राहिला.

"बोलायचं होतं," पिपाणी म्हणाला.

"बोल. इथे कोणी लिहून घेत नाही."

"नाझरसाहेबांनी बोलावलं होतं, तारखेच्या आदल्या दिवशी. म्हणाले, तुझा तिसरा दुसराच मारतो, मला सगळं ठाऊक आहे. पेन्शन जवळ आलीय, म्हणाले. घरी बसवू का? मी हात जोडले. तर म्हणाले, मी काही वाकडं सांगत नाही. उद्या तुझं काम तू कर. तिन्ही तूच कर, नियमानं. एवढंच."

"आणि तू केलंस."

"केलं. पण मी खोटं केलं नाही रे. तिसरासुद्धा जिन्यापाशी येऊन केला, तुझ्यासारखा. तू आवाराकडे तोंड करून त्या वारसांना पुकारत होतास. मी तुझ्या मागे उभा होतो."

भोंग्याचे हात थांबले.

"तू दम घेशील म्हणून मी थांबलो," पिपाणी म्हणाला. "वळला असतास तर मी बोललो असतो, आईची शपथ. तू वळला नाहीस. मग तुझा आवाज चढला, तेव्हा मी पुकारलं. तुझंच नाव."

"माझ्या ओरडण्याखाली."

पिपाणीनं मान हलवली.

"हाताच्या अंतरावर होतास ना? खांद्याला हात लावायचा."

"धीर झाला नाही."

"बरं. ते एक सोडून देऊ. भीती कोणालाही वाटते," भोंगा म्हणाला. त्याचा आवाज तळघरात फार मोठा वाटत होता, म्हणून त्यानं तो उतरवला. "पण साक्षीला. 'आठवत नाही' म्हणता आलं असतं. सगळे तेच म्हणाले. मी समजून घेतलं असतं. 'एकदाही नाही' कशाला म्हणालास?"

पिपाणीनं ओठ चावला. "एकदा हो म्हटलं असतं तर पुढचं सगळं विचारलं असतं. तूच मला अडकवलंस त्यात. मी मागितलं नव्हतं. तूच म्हणालास, तुझा तिसरा मला दे."

भोंग्यानं त्याच्याकडे पाहिलं. हे तो खरंच म्हणतोय, असं त्याला दिसलं. इतकी वर्षं एका स्टुलावर जेवताना हे त्याच्या मनात कधीपासून होतं, ते मात्र दिसलं नाही.

"जा वर," भोंगा म्हणाला. "तुझं कोर्ट बसलं असेल."

संध्याकाळी तो वकीलताईकडे गेला. झेरॉक्सच्या दुकानामागे तिनं एक टेबल भाड्यानं घेतलं होतं. अपिलाचे कागद तयार होते. सहीची जागा एकाच माणसाची होती, गल्लीतून दुसरं कोणी पुढे आलं नव्हतं.

भोंग्यानं तळघरातलं सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता उभीच राहिली.

"हे त्यानं स्वतः सांगितलं? दुसऱ्या कोणी ऐकलं?"

"नाही. मी आणि गठ्ठे."

"तो उद्या म्हणेल, मी तळघरात गेलोच नाही."

"म्हणेल."

"तरी लिहू?"

"लिहा. नाझरसाहेबांचंही लिहा. खोटं ठरलं तरी कागदावर राहू दे."

तिनं नवा कागद घेतला. "मग नीट लिहायला हवं. पिपाणी म्हणून चालणार नाही, काका. पूर्ण नाव सांगा."

त्यानं सांगितलं. वडिलांचं नाव सांगितलं. वय सांगताना अडखळला, मग बोटं मोजली. आपल्याहून तीन महिन्यांनी मोठा.

"पत्ता?"

"दवाखान्याच्या मागची गल्ली, डाव्या हाताला," तो म्हणाला. तिनं अर्धं लिहिलं आणि तिचं पेन थांबलं. दवाखाना आता तिथे नव्हता, हे त्यालाही कळलं.

"घरनंबर काय आहे?"

आयुष्यभर तो त्या घरी जात आला होता. नंबर कधी बघितला नव्हता.

"जागा सोडा तिथे," भोंगा म्हणाला. "मी उद्या सकाळी जाऊन बघून येतो."